ईईपरॉममध्ये लिहिलेलं टिकत नाही: दोष नेमका कुठे शोधायचा

ईईपरॉम म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं जपणारी मेमरी चिप. तिची तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते. सेटिंग सेव्ह केलं, डिस्प्लेवर बरोबर दिसलं, लाइट गेली, परत आली आणि सगळीकडे शून्य. कधी २५५, कधी मागच्या महिन्यातले आकडे. सोसायटीच्या टाकीचा पंप-टायमर असेल तर पालिकेच्या पाण्याची वेळच पुसली जाते आणि सकाळी गच्चीवरची टाकी कोरडी. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवी २४सी०२ (ईईपरॉमची एक नेहमीची चिप) आणून बसवतात, आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच. चिप बदलूनही दोष परत येतो, कारण बहुतेक वेळा चिप चांगलीच असते. चूक लिहिण्याच्या पद्धतीत असते, नाहीतर वीज जातानाच्या शेवटच्या काही मिलिसेकंदांत.

ॲक म्हणजे फक्त पोचपावती

आयटूसीवर, म्हणजे चिप आणि कंट्रोलर यांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर, प्रत्येक बाइटनंतर चिप ॲक देते. पत्र हातात पडलं, एवढाच त्याचा अर्थ. वहीत नोंद झाली असा नाही. आलेले बाइट आधी चिपच्या आतल्या तात्पुरत्या लॅचमध्ये थांबतात. स्टॉप, म्हणजे संदेश संपल्याची खूण, आला की मग चिप स्वतःच जास्त व्होल्टेज तयार करते आणि सेलमध्ये लिहायला घेते. २४एलसी२५६ला यासाठी जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात, जुन्या एटी२४सी३२ला १०. तेवढा वेळ ती कुणालाही उत्तर देत नाही. या काळात दुसरा बाइट पाठवला तर नॅक, म्हणजे नकार, येतो, आणि कोडने नॅक तपासला नाही तर तो बाइट गुपचूप हरवतो. दहा बाइट लूपमध्ये लिहिले आणि पहिलाच टिकला, किंवा मधलेच काही टिकले, तर दुसरीकडे बघायची गरज नाही.

यावर उपाय म्हणजे पोलिंग. स्टॉपनंतर पुन्हा स्टार्ट द्या आणि चिपचा पत्ता लेखनासाठी पाठवा. नॅक आला तर परत पाठवा, ॲक आला की चिप मोकळी झाली. नुसता १० मिलिसेकंदांचा डिले टाकूनही काम होतं, पण पोलिंग जास्त सांगतं: चिप सुटली असेल किंवा लेखनच झालं नसेल, तर ते इथेच कळतं. लूपला २० मिलिसेकंदांची मर्यादा घाला. तेवढ्यात ॲक आला नाही तर बाहेर पडून चूक नोंदवा. नाहीतर चिपची एक पिन सुटल्यामुळे आख्खा कंट्रोलर अडकून बसेल आणि पंप चालूच राहील.

पहिली चाचणी, काहीही बदलण्याआधी

दोन वेगळ्या पत्त्यांवर दोन वेगळे आकडे लिहा: १६व्या पत्त्यावर १६५, ४०व्या पत्त्यावर ९०. या दोन आकड्यांचे सगळे बिट एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे एखादी लाइन अडकली असेल तर लगेच दिसते. लिहून झाल्यावर दोन्ही वाचा. मग सप्लाय १० सेकंद पूर्ण बंद ठेवा आणि फक्त वाचणारा प्रोग्रॅम चालवून पुन्हा वाचा. यातून तीनच वाटा निघतात. दोन्ही वेळा चुकलं, तर लेखनच होत नाहीये. आधी बरोबर आणि नंतर चूक, तर तुम्ही वाचत होता ती चिप नव्हतीच, रॅममधली प्रत होती. दोन्ही वेळा बरोबर, तरी महिन्याभराने तक्रार येतेच, तर वीज, झीज किंवा दमटपणा. या तिसऱ्या वाटेवर सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून पहिल्या दोन नीट मोकळ्या करून घ्या.

लेखनच होत नाही तेव्हा

मल्टिमीटर घेऊन आधी ७ नंबरची पिन बघा. आठ पिनांच्या २४ मालिकेत १, २, ३ या पत्त्याच्या पिना, ४ ग्राउंड, ५ एसडीए म्हणजे डेटा, ६ एससीएल म्हणजे क्लॉक, ७ डब्ल्यूपी म्हणजे लेखनबंदी आणि ८ व्हीसीसी म्हणजे सप्लाय. ७ वर व्हीसीसी असेल तर वाचन व्यवस्थित चालतं, लेखन मात्र होत नाही. मायक्रोचिपची २४एलसी२५६ अशा वेळी बाइटना ॲक देतच राहते, फक्त आत लिहीत नाही. त्याची खूण अशी: स्टॉपनंतर पोलिंगला पहिल्याच झटक्यात ॲक येतो. खऱ्या लेखनानंतर चिप काही मिलिसेकंद तरी गप्प बसायलाच हवी. एसटीच्या एम२४ मालिकेत हीच परिस्थिती वेगळी दिसते, तिथे पत्त्याला ॲक आणि डेटाला नॅक येतो.

डब्ल्यूपी ठीक असेल तर पत्त्याकडे या. २४सी०२ ते २४सी१६ या चिपना आतला पत्ता एका बाइटचा लागतो, २४सी३२पासून पुढे दोन बाइटचा. दुकानात ०२ नव्हती म्हणून ३२ घेतली आणि कोड तोच ठेवला, की घोटाळा सुरू. एका बाइटच्या कोडने २४सी३२वर एक बाइट लिहायला गेलात तर चिप तुमचा पत्ता वरचा अर्धा आणि तुमचा डेटा खालचा अर्धा समजते, आणि डेटाची वाट बघत असताना स्टॉप येतो. सगळे ॲक बरोबर, लेखन शून्य. उलट प्रकार जास्त फसवा असतो. दोन बाइटचा कोड २४सी०२वर चालवला तर पत्त्याचा वरचा शून्य हाच पत्ता ठरतो, खालचा बाइट शून्याव्या जागेवर डेटा म्हणून लिहिला जातो आणि खरा डेटा पहिल्या जागेवर जातो. एकाच पत्त्यावर तपासलं तर वाचनही बरोबर आल्याचा भास होऊ शकतो. दोन पत्ते घ्यायला वर सांगितलं ते यासाठीच: दोन्हीकडे शेवटचा आकडा दिसला की समजा चिप आणि कोड यांचा मेळ नाही.

चिपच्या बसवरच्या पत्त्याचा गोंधळही नित्याचा. या मालिकेचा सात बिटांचा पत्ता हेक्स ५० ते ५७. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीला ५० द्यायचा, एसटीएम३२च्या एचएएल या लायब्ररीला तोच एक बिट डावीकडे सरकवून ए० द्यायचा. डीएस३२३१ घड्याळाचं जे स्वस्त निळं मॉड्यूल सगळीकडे मिळतं, त्यावर २४सी३२ असते आणि तिचा पत्ता ५७ असतो, ५० नव्हे. शिवाय २४सी१६ एकटीच ५० ते ५७ हे आठही पत्ते अडवते, कारण तिच्या पत्त्याच्या पिना आतून जोडलेल्याच नसतात. ती आणि हे घड्याळाचं मॉड्यूल एका बसवर नांदत नाहीत.

आता पेज. एका स्टॉपमध्ये किती बाइट लिहिता येतात ते चिपवर ठरतं: एटी२४सी०२ला ८, ०४ ते १६ला १६, ३२ आणि ६४ला ३२, १२८ आणि २५६ला ६४. पण एसटीच्या एम२४सी०२चं पेज १६चं आहे, त्यामुळे नंबर सारखा म्हणून पेजही सारखं असं धरू नका. पेजची सीमा ओलांडली तर चिप पुढच्या पेजवर जात नाही, त्याच पेजच्या सुरुवातीला वळते. ८च्या पेजमध्ये पत्ता ६पासून ५ बाइट लिहिले तर ते ६, ७, ०, १, २ या जागांवर पडतात. नाव साठवल्यावर त्याची शेपटी आधीच्या सेटिंगवर चढलेली दिसली, तर हेच झालंय.

आर्डुइनो उनोवर आणखी एक अडथळा आहे. वायर लायब्ररीचा बफर ३२ बाइटचा असतो आणि पत्त्याचे २ बाइट त्यातच बसतात, म्हणजे डेटासाठी ३०च उरतात. पेज ६४चं आहे म्हणून ६४ बाइट भरले तर ३०च्या पुढचे बाइट लायब्ररी टाकून देते. १६-१६चे तुकडे करा. ते कुठल्याही मोठ्या पेजमध्ये सरळ बसतात.

पुल-अपचं, म्हणजे बसच्या दोन्ही लाइन व्हीसीसीकडे खेचणाऱ्या रेझिस्टरचं, गणित एकदाच करून ठेवा. १०० किलोहर्ट्झला ४.७ के, ४००ला २.२ के. चढायला लागणारा वेळ साधारण ०.८५ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. लांब केबलमुळे बसवर २०० पिकोफॅरड असतील तर ४.७ केवर ८०० नॅनोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला १००० चालतात, ४००ला फक्त ३००. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक मॉड्यूलवर स्वतःचे ४.७ के असतात हे लक्षात ठेवा. चार मॉड्यूल जोडली की समांतर १.२ केच्याही खाली येतं, आणि ५ व्होल्टला लाइन खाली ओढायला ३ मिलिअँपिअरपेक्षा जास्त लागतात. जास्तीच्या मॉड्यूलवरचे रेझिस्टर काढून टाका.

एसडीए कायम ग्राउंडला अडकलेली दिसली तर वाचन चालू असताना कंट्रोलर रिसेट झाला आणि चिप उरलेले बिट द्यायच्या तयारीत बसली आहे. सुरुवातीलाच एससीएलवर ९ पल्स द्या, मग स्टॉप. हे पॉवर-ऑनच्या कोडमध्ये कायमचं ठेवा.

एसपीआय या दुसऱ्या प्रकारच्या बसवर चालणाऱ्या २५ मालिकेत मुख्य चूक एकच: प्रत्येक लेखनाआधी लेखन-परवानगीची आज्ञा वेगळी द्यावी लागते, कारण लेखन संपलं की ती आपोआप उतरते. आणि चिप-सिलेक्ट वर गेल्याशिवाय लेखन सुरू होत नाही. ९३सी४६मध्ये ओआरजी पिन बघा. ८ आणि १६ बिटांच्या रचनेत आज्ञेची लांबीच बदलते.

रॅममधली प्रत वाचली जाते तेव्हा

ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२मध्ये ईईपरॉम नसतेच. लायब्ररी फ्लॅशचा एक तुकडा रॅममध्ये उचलून आणते आणि तुम्ही लिहिता ते तिथे. कमिट बोलावलं तरच फ्लॅशमध्ये जातं. एसटीएम३२एफ१०३मध्येही ईईपरॉम नाही, फ्लॅशवर तिचं सोंग उभं करावं लागतं. एटीमेगामध्ये (उनोवरचा कंट्रोलर याच घराण्यातला) ती खरी असते, पण प्रोग्रॅमरने चिप-इरेज केलं की तीही पुसली जाते. टेबलावर सेटिंग भरली, मग फर्मवेअरची शेवटची आवृत्ती टाकली आणि माल पाठवला, की साइटवर सगळं २५५ निघतं. त्यासाठी ईईसेव्ह फ्यूज (प्रोग्रॅमरने बदलायचा कंट्रोलरमधला सेटिंग-बिट) लावून ठेवा. एटीमेगाच्या रजिस्टरवर थेट काम करत असाल तर मुख्य-परवानगीचा बिट आणि लेखनाचा बिट यांच्यामध्ये चारच क्लॉक मिळतात. मध्ये इंटरप्ट घुसला तर लेखन होत नाही आणि चूकही दिसत नाही. त्या दोन ओळींपुरते इंटरप्ट बंद ठेवा.

महिन्याभराने बिघडतं तेव्हा

वीज जाताना ५ व्होल्ट एकदम शून्य होत नाहीत, घसरत जातात. घसरताना प्रोसेसर अर्धवट शुद्धीत असतो आणि भलत्याच आज्ञा चालवू शकतो, त्यात लेखनाचं फंक्शनही आलं. म्हणून व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की प्रोसेसर रिसेटमध्ये धरणारा ब्राउन-आउट डिटेक्टर हवाच, आणि योग्य पातळीवर हवा. उनोच्या एटीमेगा३२८पीवर तो २.७ व्होल्टला लावलेला येतो, तर १६ मेगाहर्ट्झवर चालायला ३.८च्या आसपास तरी लागतात. मधल्या पट्ट्यात प्रोसेसर राखणीशिवाय चालतो. ५ व्होल्टच्या बोर्डावर फ्यूज ४.३ला करा. बाहेरची चिप असेल तर डब्ल्यूपी पिनला १० केने व्हीसीसीला बांधा आणि कंट्रोलरच्या एका पिनने फक्त लिहितानाच खाली ओढा. लेखन संपेपर्यंत, म्हणजे पोलिंगचा ॲक येईपर्यंत, खालीच ठेवा. भरकटलेल्या कोडपासून याच्याइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

वीज जाताना शेवटची स्थिती साठवायची असेल तर ओळख ५ व्होल्टवर नको, रेग्युलेटरच्या आधी हवी. समजा ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या आधी १२ व्होल्ट आणि १००० मायक्रोफॅरड आहेत. दोन रेझिस्टरच्या विभाजकाने कंपॅरेटरला ९ व्होल्टवर इशारा द्यायला लावा. ७८०५ला ७ व्होल्टपर्यंत काम करता येतं, म्हणजे २ व्होल्टची घसरण हातात. कंट्रोलर आणि चिप मिळून २० मिलिअँपिअर धरले तर १००० मायक्रोफॅरड गुणिले २, भागिले ०.०२ म्हणजे १०० मिलिसेकंद. ५ मिलिसेकंदांच्या पेज-लेखनाला हे भरपूर आहे. हेच गणित ५ व्होल्टच्या बाजूला, १ व्होल्ट घसरण धरून केलं तर १०० मिलिसेकंदांसाठी २००० मायक्रोफॅरड लागतील. एक अट मात्र पाळा: इशारा आला की आधी रिले आणि डिस्प्लेचा बॅकलाइट बंद करा, मग लिहा. एकटी रिलेच ३० ते ७० मिलिअँपिअर खाते.

झिजेचा हिशोब करायला कुणी थांबत नाही. बाहेरच्या चिपची हमी साधारण १० लाख लेखनांची असते, एटीमेगाच्या आतल्या ईईपरॉमची १ लाख. दर मिनिटाला एकाच जागी लिहिलं तर दिवसाला १४४० होतात. एटीमेगाची हमी ६९ दिवसांत संपते, बाहेरच्या चिपची दोन वर्षांच्या आत. दर सेकंदाला लिहिलं तर बाहेरचीही १२ दिवसांत. किंमत बदलली असेल तरच लिहा, हा पहिला नियम. नोंद सतत बदलतच असेल तर जागा फिरवा. फिरवताना एक बारकावा ध्यानात घ्या: २४एलसी२५६मध्ये एक बाइट लिहिला तरी ६४ बाइटचं पेज आख्खं पुन्हा लिहिलं जातं आणि हमी पेजमागे मोजली जाते. एकाच पेजमध्ये आठ खाने करून फिरलात तर पदरात काही पडत नाही. ५१२ पेज आहेत, त्या सगळ्यांवर पसरा. एकूण ५१ कोटी लेखनं मिळतात. याहून जास्त हवी असतील तर ३.३ व्होल्टच्या बोर्डावर एफएम२४सीएल६४बी ही फेरोइलेक्ट्रिक चिप लावा. पत्ता २४सी६४सारखा दोन बाइटचा, लिहायला थांबावं लागत नाही आणि पेजची सीमाही नाही.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: रचनेचा आवृत्ती-क्रमांक, वाढता अनुक्रमांक, डेटा आणि शेवटी १६ बिटांची सीआरसी, म्हणजे नोंद बिघडली का ते पडताळणारा आकडा. सगळं एकाच पेजमध्ये, एकाच लेखनात. सीआरसीची सुरुवात शून्याने करू नका, नाहीतर पूर्ण शून्यांची नोंद खरी ठरेल. नवी नोंद जुनीवर नव्हे, दुसऱ्या पेजवर लिहा. चालू होताना सीआरसी जुळणाऱ्यांपैकी सर्वांत मोठा अनुक्रमांक घ्यायचा. लेखन अर्धवट तुटलं तरी आधीची नोंद शाबूत राहते. आवृत्ती-क्रमांक नसेल तर फर्मवेअर बदलल्यावर रचना एक बाइटने सरकते आणि पंपाची वेळ पातळीच्या जागी वाचली जाते. अशा बोर्डावर चिपला दोष देत बसतात.

आणि मुंबईचा पावसाळा. डब्ल्यूपी मोकळी सोडलेली, फ्लक्स न पुसलेला, आणि तिच्या शेजारीच ८ नंबरवर व्हीसीसी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्या फ्लक्समधून गळती वाढते आणि डब्ल्यूपी वर खेचली जाऊ शकते. दुरुस्तीच्या टेबलावर, एसीत, बोर्ड सुकतो आणि सगळं नीट चालतं. पावसात बिघडतं आणि टेबलावर सापडत नाही, असा बोर्ड आला तर मोकळ्या पिना आधी बघा. पत्त्याच्या आणि डब्ल्यूपीच्या पिना पक्क्या बांधा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने बोर्ड धुवा, पूर्ण सुकवा, मगच कोटिंगचा थर द्या. फ्लक्सवरच कोटिंग मारलं तर ओल आत कोंडली जाते. खाडीजवळ किंवा समुद्रालगतच्या इमारतीत पंपघरात बसणाऱ्या बोर्डाला हे टाळून चालणार नाही.

पंपाचा कॉन्टॅक्टर सुटतानाच नोंद बिघडत असेल तर त्याच्या कॉइलवर १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड, एक्स२ प्रकारचा कपॅसिटर, असा स्नबर, म्हणजे कॉइलचा झटका शोषणारी जोडी, लावा. डीसी रिलेला १एन४००७. चिपच्या ४ आणि ८ या पिनांलगत १०० नॅनोफॅरड, लांब ट्रॅकने नव्हे, अगदी शेजारी.

दुरुस्ती झाली हे ठरवायला दहा वेळा हाताने प्लग काढणं पुरत नाही. दुसऱ्या एका बोर्डाने रिलेमार्फत सप्लाय तोडा, ० ते ५०० मिलिसेकंदांच्या यादृच्छिक वेळी, आणि चाचणीचा बोर्ड सतत लिहीत असताना. दर वेळी चालू झाल्यावर अनुक्रमांक आणि सीआरसी सीरियल पोर्टवर छापा. असे १००० तोड होऊ द्या, रात्रभरात होतात. एकदाही जुनी आणि नवी अशा दोन्ही नोंदी बिघडल्या नाहीत आणि अनुक्रमांक एकदाही मागे गेला नाही, तरच बोर्ड सोसायटीला परत द्या.